गोळ्या चालू आहेत, तरी शुगर का चढते?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी औसा तालुक्यातला शेतकरी, वय ५७. साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. शुगर निघून ९ वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ अन् ग्लिमेपिराइड १ ची एक गोळी, एक दिवस चुकवत नाही. तरी तीन महिन्यांची शुगर दोन वर्षांमागं ७.४ होती, गेल्या वर्षी ८.३ अन् आता जानेवारीत ९.४ आली. उपाशीपोटी १७८, जेवल्यावर २८६. साखर पार बंद केली, चहाबी गुळाचाच घ्यायलोय. भात सोडला, भाकरीच खातो. वजन वर्षात ७१ वरून ६४ झालं, लोक म्हणतात बरं झालं, अंग हलकं झालं. गुडघे धरतात म्हणून गावात महिन्याला एक सुई घेतो, तेवढ्यावर चालता येतं. यंदा वेळा अमावास्येला लेकरं पुण्याहून आली होती. रानात भज्जी, उंडे, अंबील, खीर पोटभर खाल्ली. सून म्हणते त्यानंच वाढली. रात्री झोपताना शुगर कमी अन् सकाळी काही न खाता जास्त, हे कसं काय? डॉक्टर आता इन्सुलिन घ्या म्हणायलेत. आमच्या भावकीत एकाला इन्सुलिन लावलं अन् वर्षाच्या आत ते गेले. मला भ्या वाटायलंय.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले. दुसऱ्यांदा मात्र एका ओळीपाशी थांबले : ‘वजन ७१ वरून ६४ झालं, लोक म्हणतात बरं झालं.’ हे बरं झालेलं नाही. तुम्ही खाणं मोजून, चालून वजन उतरवलं असतं तर शुगरही सोबत उतरली असती. इथे वजन खाली चाललंय आणि शुगर वर. याचा सगळ्यात जास्त संभवणारा अर्थ असा, की तुमच्या स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन आता कमी पडतंय. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींच्या आत जात नाही. रक्तात साखर १८० च्या आसपास पोहोचली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात. खाल्लेलं असं वाहून जातं आणि शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळत बसतं. रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उठत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

पण सात किलो उतरले म्हणून मी फक्त शुगरवर बोट ठेवून मोकळी होणार नाही. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त असतो, आणि टीबी अंगात असला की शुगर काही केल्या आवरत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे काढा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि पुढचे उपचारही मोफत आहेत. थायरॉइडची रक्ततपासणी आणि एकदा पोटाची सोनोग्राफी करायलाही तुमच्या डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा यातून काही निघत नाही. तरीही हे आधी करा, बाकीचं माझं उत्तर त्यानंतर.

आता सूनबाईंसाठी एक निरोप. वेळा अमावास्येच्या जेवणानं तीन महिन्यांची शुगर ९.४ होत नाही. ही तपासणी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर किती चिकटली त्याचं मोजमाप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे त्या आकड्यात सगळ्या दिवसांचा हिशेब असतो. एका दुपारी रानात बसून खाल्लेल्या खिरीनं त्या दिवशीची शुगर चढली असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पहिल्या जागी आली असेल. येळवशीचं जेवण आपल्या लातूर-धाराशिवकडच्या माणसासाठी काय असतं ते मी जाणते. ते खाल्लं म्हणून वर्षभर मनात अपराध घेऊन फिरू नका. पुढच्या वर्षी खीर वाटीभर घ्या आणि भज्जी हवी तेवढी. तिच्यात पालेभाज्या आणि शेंगांमधले कोवळे दाणे असतात, ती तुमची वैरी नाही.

मला जास्त काळजी आहे ती त्या महिन्याच्या सुईची. ती कशाची आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? गुडघेदुखीवर तासाभरात आराम देणाऱ्या बऱ्याच सुयांमध्ये स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. काही सुयांचा हा परिणाम दोन-चार दिवस राहतो, सावकाश विरघळणाऱ्या सुयांचा दोन-तीन आठवडेही टिकतो. म्हणजे दर महिन्याला सुई घेणाऱ्याची शुगर महिन्यातले निम्मे दिवस त्या सुईनंच चढलेली असू शकते. सांधेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही हेच मिसळलेलं सापडतं. देणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला शुगर आहे हे माहीत असूनही काय टोचतोय ते तो सांगत नसेल, तर ती सुई घेऊ नका. पुढच्या खेपेला रिकामी बाटली मागून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. बरीच महिने अशी सुई चालू असेल तर ती कशी बंद करायची हेही त्यांनाच विचारा. स्टेरॉइड फार दिवस घेऊन एकदम तोडलं तर माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो. गुडघ्यांसाठी मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम असतात. सुईइतका झटपट आराम त्यांनी पडत नाही, पण पडतो.

गुळाचं मात्र साफ सांगते. गूळ म्हणजे साखरच. रंग वेगळा, थोडं लोह जास्त, पण शुगर चढवायच्या बाबतीत दोघांत मानावा असा फरक नाही. आपल्याकडे उसाचा पट्टा, घरोघरी ढेप. ‘साखर सोडली’ म्हणणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या चहात मला गूळ सापडतो. दिवसाचे चार कप आणि कपात दोन चमचे धरले, तरी तीस-चाळीस ग्रॅम होतात. चहा बिनसाखरेचा प्या. पंधरा दिवस तोंड वाकडं होईल, मग सवय लागते.

भाकरीबद्दल बोलताना मन जड होतं, कारण ज्वारी हे आपलं अन्न आहे आणि चांगलं अन्न आहे. भात, मैदा यांपेक्षा ती कितीतरी बरी. पण ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ हे खरं नाही. आपल्याकडच्या एका थोराड भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. त्यातली ५५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊन शेवटी साखरच होतात. तुम्ही एका जेवणाला किती खाता? माझ्याकडे येणारे भाऊ लोक तीन सांगतात आणि सोबतची बाई मागून चार बोटं दाखवते. बैलामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला तेवढी लागायची. आता पेरणी ट्रॅक्टरनं, सोयाबीनची रास मळणीयंत्रावर, आणि दिवाळीनंतर तूर निघेपर्यंत कोरडवाहू रानात अंग मोडेल असं काम नाही. काम कमी झालं, ताटातली भाकरी तेवढीच राहिली. एका वेळेला एक, फार तर दीड भाकरी खा. उरलेली जागा डाळ, उसळ, करडईची नाही तर हरभऱ्याची पालेभाजी, काकडी, ताक यांनी भरा. भाजी आणि वरण आधी, भाकरी नंतर, असं जेवलं तरी शुगर हळू चढते. करून बघा आणि दोन तासांनी मोजा. तुमच्याच आकड्यावर तुमचा जास्त विश्वास बसेल.

सकाळची शुगर न खाता का वाढते, हा प्रश्न फार जणांना पडतो. साखर फक्त ताटातून येते असं नाही. आपलं यकृत साखरेचं कोठार आहे. रात्रभर मेंदूला साखर लागते, ती यकृत थोडी थोडी सोडत असतं आणि इन्सुलिन त्या कोठाराच्या दारावर राखण करतं. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत जादा साखर सोडतं. राखणदारच कमजोर झाला असेल तर कोठार उघडंच राहतं. दोन-तीन रात्री पहाटे तीनला उठून एकदा शुगर मोजा. ग्लिमेपिराइडनं तेव्हा ती ७० च्या खाली जात असेल तर उपाय वेगळा, चढत असेल तर वेगळा. रात्रीचं जेवण आठच्या आत करा आणि जेवून बाजेवर आडवं व्हायच्या आधी पंधरा मिनिटं गल्लीतून चाला. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर बसून पाय हलवा, टाचा वर-खाली करा, त्यानंही फरक पडतो.

एवढं सगळं केलंत तरी कदाचित इन्सुलिन लागेल, आणि तुमची भीती मला माहीत आहे.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हाच त्यांची शुगर निघाली. सहा-सात वर्षं गोळ्यांवर छान चाललं, मग आकडे चढू लागले. डॉक्टर इन्सुलिन म्हणाले आणि अण्णा म्हणाले, ‘ती शेवटची सुई असते.’ त्यांनी चार वर्षं टाळलं. मी नवी डॉक्टर, घरात माझं कोण ऐकणार? ज्वारीच्या रानात धसकट पायात घुसलं, ते त्यांना कळलंच नाही, कारण तळव्यांची जाणीव तोवर गेली होती. पायजम्याला रक्त लागलेलं आईनं पाहिलं. दोन बोटं काढावी लागली. इन्सुलिन त्यानंतर सुरू झालं, आणि त्यानंतर अण्णा अकरा वर्षं जगले, नातवंडांना पाढे शिकवत. तुमच्या भावकीतल्या गृहस्थांचंही बहुधा असंच झालं असेल. सुई आली तोवर मूत्रपिंडं, हृदय आधीच थकलेलं होतं, आणि लोकांनी दोष सुईला दिला.

गोळ्या चुकवल्या नाहीत तरी शुगर वाढली, हा तुमचा गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली पाच हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्याचे निकाल १९९८ साली आले. त्यात दिसलं, की शुगर निघते त्या दिवशीच इन्सुलिन बनवायची साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढेही ती दरवर्षी थोडी थोडी घटत जाते. नऊ वर्षांपूर्वीच्या गोळ्या आज पुऱ्या पडत नाहीत, यात नवल नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे : तीन महिन्यांची शुगर एका अंकानं उतरली, ९ ची ८ झाली, तरी डोळे, मूत्रपिंडं, नसा यांच्या त्रासाचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसला. एकदम ७ वर आणायचं दडपण घेऊ नका.

डॉक्टरांना हेही विचारा, की मेटफॉर्मिन वाढवता येईल का. तुम्ही दिवसाला १००० मिलिग्रॅम घेताय. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, चांगलं असेल तर २००० पर्यंत जाता येतं. सिटाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची पेटंटं संपल्यापासून त्या खूप स्वस्त झाल्यात आणि जनऔषधी केंद्रात आणखी कमी भावात मिळतात. पण तुमचं वजन इतकं उतरलेलं असताना डॅपाग्लिफ्लोझिन मी स्वतः तरी आत्ता देणार नाही. तिनं लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही जातं, वजन आणखी उतरतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम करणाऱ्याला चक्कर यायला वेळ लागत नाही. तुमच्या जागी माझा भाऊ असता तर मी त्याला रात्री एक छोटी इन्सुलिनची मात्रा सुरू करून दिली असती, आजच.

आणि रानात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा, नाही तर सूनबाईंना दाखवा.

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातून लिहितेय. आई ६३ वर्षांची, पाच वर्षांपासून इन्सुलिनवर. बाटलीतलं इन्सुलिन, सकाळी २०. शुगर दीडशेच्या आत असायची. मागच्या महिन्यात मेडिकलमध्ये लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, त्यांनी नारंगी टोपणाच्या दिल्या, ‘सगळ्या सारख्याच’ म्हणाले. तेव्हापासून शुगर ३०० च्या खाली येईना. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी २८ करायला सांगितलं, तरी फरक नाही. घरात फ्रीज नाही, उन्हाळ्यात लाईटबी राहत नाही. औषध खराब झालं असेल का?

उत्तर : बाळा, हे वाचशील तेव्हा आधी उठ आणि बाटलीवर काय लिहिलंय ते बघ. आपल्याकडे बाटलीतलं बहुतेक इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असं येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. नारंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. त्या सिरिंजमध्ये ४० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आईच्या अंगात जातात फक्त ८ युनिट. २८ च्या खुणेपर्यंत भरलं तरी सव्वाअकरा. तुझ्या आईला महिनाभर निम्म्याहूनही कमी औषध मिळालंय.

आता अतिशय महत्त्वाचं. आज लाल टोपणाची सिरिंज आणलीस तर त्यात २८ भरू नकोस. तुमच्या डॉक्टरांना ही सिरिंजची गोष्ट सांग, त्यांना कळलं की ते मात्रा नव्यानं ठरवतील, बहुधा जुन्या २० च्या आसपास. लाल सिरिंजमध्ये २८ गेले तर आईची शुगर धाडकन उतरेल. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, की वाट बघायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. उलटी चूक तर याहून भयंकर : १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० भरलं तर ५० युनिट जातात. सिरिंज घेताना टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा, दोन्ही जुळवून घ्यायचे, विकणारा काही म्हणो.

आई अजून ३०० च्या वर आहे, म्हणून उलट्या, पोटदुखी, धाप, सारखी गुंगी यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात ने.

फ्रीज नसला तरी काळजी करू नकोस. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत राहिली तर महिनाभर चालते. परभणीच्या मे महिन्यात घरातही तापमान त्याच्या वरच असतं, म्हणून मातीची दोन भांडी घे, एक मोठं, एक त्यात बसेल असं. मधल्या फटीत वाळू भर आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली कर. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेव, वर ओलं फडकं. सावलीत, वारं लागेल अशा कोपऱ्यात. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि आत चांगला गारवा येतो. बर्फात कधी ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं. एका वेळी एकच बाटली आण. पांढरट इन्सुलिन तळहातांत घोळवल्यावर दुधासारखं एकसारखं व्हायला हवं, गाठी किंवा चकत्या राहिल्या तर टाकून दे.

आईच्या पोटावर हात फिरवून बघ. रोज एकाच जागी टोचून कातडीखाली मऊ गाठी झाल्या असतील तर त्यात टोचलेलं औषध नीट शोषलं जात नाही. दर वेळी जागा दोन बोटं सरकव. गाठींवरून चांगल्या जागी आलीस की शुगर अचानक जास्त उतरू शकते, पहिले काही दिवस जरा जास्त वेळा मोज.

प्रश्न : वडिलांची शुगर घरच्या यंत्रावर सकाळी २४० आली, तासाभरात लॅबमध्ये १५२. यंत्र बदलावं का? आमची मोसंबीची बाग आहे. (जालना जिल्हा)

उत्तर : बागेचं लिहिलंस ते फार बरं केलंस. मोसंबी सोललेल्या बोटावर रस वाळून राहतो आणि त्यातली साखर यंत्र रक्तात धरतं. स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुरता निघत नाही. साबण-पाण्यानं हात धुवून, कोरडे करून पुन्हा मोजा. पट्ट्यांची मुदत आणि डबीचं झाकण नीट लागतंय ना, तेही बघ. यंत्र आणि लॅब यांच्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. हात धुवून, एकाच वेळी दोन्हीकडे मोजूनही त्याहून जास्त फरक पडत राहिला, तर यंत्र बदल. तोवर २४० बघून कुणीही वडिलांची गोळी वाढवू नये.